पंधरा ग्रॅमचा पाहुणा

"वडूजला काय आहे रे बघण्यासारखं?" होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रूम पार्टनरने विचारलं होतं. तो कोकणातला. त्याच्याकडे समुद्र, किल्ले, काजू, सगळं होतं. माझ्याकडे येरळा नदी, तीही पावसाळ्यातले चार दिवस सोडले तर वाळूच जास्त. खटाव-माण म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला दुष्काळी मुलूख. मी आपलं सांगितलं, "येरळवाडीच्या धरणावर आणि मायणीच्या तलावावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात." तो म्हणाला, "मग फोटो दाखव." फोटो नव्हता. इथून या लेखाची सुरुवात झाली, असं म्हणायला हरकत नाही.

गंमत म्हणजे फ्लेमिंगोचा चांगला फोटो मला अजूनही मिळालेला नाही. मिळाला तो आमच्या गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीवर बसणाऱ्या एका काळ्या, पंधरा ग्रॅमच्या पक्ष्याचा. त्यासाठी तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत जे शिकलो ते होस्टेलच्या मागच्या कुंपणालाही तितकंच लागू पडतं, म्हणून हा खटाटोप.

आजीचा 'शेपूटहल्या'

दुसऱ्या वर्षाची डिसेंबरची सुट्टी. मित्राचा कॅमेरा आणि ७०-३०० मि.मी.ची लेन्स हातापाया पडून आणली होती. सकाळी न्याहारी करून अंगणात आलो तर आजी म्हणाली, "त्यो बघ, तुजा शेपूटहल्या आला."

गंजीच्या टोकावर चिमणीएवढा पक्षी. डोकं, छाती, पाठ काळसर. पोट आणि शेपूट विटकरी-नारिंगी. बसला की किंचित झुकायचा आणि शेपूट थरथरवायचा, जणू थंडीच वाजतेय. याचं पुस्तकी नाव कृष्ण थिरथिरा. नाव ठेवणाऱ्याने अगदी बघून ठेवलंय! मादी असते मातकट-तपकिरी, पण शेपूट तशीच विटकरी आणि थरथर तीच. हे पाहुणे दसऱ्याच्या आगेमागे आमच्याकडे येतात आणि होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. उन्हाळ्यात त्यांचं घर हिमालयात आणि त्यापलीकडच्या उंच, उघड्या डोंगरांत. वजन साधारण पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर. एवढ्याशा जिवाने शेकडो मैल उडत येऊन नेमकी आमचीच गंज निवडावी, याचं आजीला काही नवल नव्हतं. "दर साली येतोय," एवढंच ती म्हणाली.

मी कॅमेरा घेऊन त्याच्याकडे निघालो. तो उडून हापशावर गेला. मी हापशाकडे गेलो, तो भिंतीवर. मी भिंतीकडे, तो शेवग्यावर. असं पाऊणएक तास चाललं. शंभर-सव्वाशे फोटो काढले. त्यातल्या निम्म्यांत नुसती रिकामी फांदी, उरलेल्यांत एक काळा ठिपका. शेवटी तो ओढा ओलांडून शेजाऱ्यांच्या रानात निघून गेला. मी वैतागून ओट्यावर बसलो तर आजी भाकऱ्या थापता थापता म्हणाली,

"आरं, त्येला खाऊ दे की आदी. तुजी न्ह्यारी झाली, त्येची कुटं झालीया?"

आजी कधी शाळेत गेली नाही. पण तिचं हे वाक्य म्हणजे हीट ट्रान्सफरचा अख्खा एक धडा होता, हे मला नंतर कळलं.

सकाळची न्याहारी एवढी महत्त्वाची का?

हे आपण मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत बघू. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ ६, घनफळ १. गुणोत्तर ६. आता दहा सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ ६००, घनफळ १०००. गुणोत्तर ०.६. उष्णता बाहेर जाते पृष्ठभागातून आणि साठते-तयार होते ती घनफळात. म्हणजे वस्तू जितकी लहान तितकी ती लवकर निवते. पातेल्यातला चहा गरम राहतो, बशीतला लगेच गार होतो, ते याचमुळे.

पक्ष्याच्या शरीराचं तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा जास्त. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या सुमारास आमच्याकडे पहाटेचा पारा दहा-बारावर येतो. म्हणजे आत-बाहेर तीस अंशांचा फरक, आणि तो सांभाळायचा पंधरा ग्रॅमच्या भट्टीने, रात्रभर, पोटात काही न टाकता. इंधन म्हणजे दिवसभरात खाऊन साठवलेली चरबी. थंड मुलखांतल्या छोट्या पक्ष्यांचं वजन हिवाळ्यातल्या एका रात्रीत पाच-दहा टक्क्यांनी घटतं. आपली थंडी तेवढी कडक नाही, पण हिशोब तोच. सत्तर किलोच्या माणसाचं वजन रोज रात्री चार-पाच किलोने उतरलं आणि दुसऱ्या दिवशी ते खाऊन भरून काढावं लागलं, तर कसं होईल? आमच्या मेसच्या भरवशावर तर अशक्यच!

पक्ष्याकडे इन्सुलेशन आहे, पिसांचं. पिसं फुलवली की त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. म्हणून हिवाळ्यात सकाळी बुलबुल, चिमण्या, मुनिया गोल चेंडूसारख्या दिसतात. त्या लठ्ठ झालेल्या नसतात, स्वेटर घालून बसलेल्या असतात. असा फुगलेला पक्षी फोटोत फार गोड दिसतो. पण त्याचा अर्थ 'मला थंडी वाजतेय, मला उडवू नका' असा आहे.

उडणं ही पक्ष्याची सगळ्यात महागडी क्रिया. त्या सकाळी मी थिरथिऱ्याला तीसएक वेळा तरी उडवलं असेल. त्याची टाकी रिकामी, पंप उघडायची वेळ, आणि मी त्याला गाडी दामटायला लावत होतो. फोटोही मिळाला नाही, ते वेगळंच.

लेन्सचा हिशोब

होस्टेलवर कॅमेऱ्याचा विषय निघाला की 'किती एम.एम.ची लेन्स?' हा पहिला प्रश्न. म्हणून हाही हिशोब मांडतो.

सेन्सरवरची प्रतिमा ≈ लेन्सचा फोकल लेंग्थ × पक्ष्याची लांबी ÷ अंतर. थिरथिरा चोचीपासून शेपटीपर्यंत १५ सेंमी. ३०० मि.मी.ची लेन्स आणि १८ मीटर अंतर धरलं तर प्रतिमा आली २.५ मि.मी. साध्या डी.एस.एल.आर.चा सेन्सर साधारण २२ बाय १५ मि.मी.चा. त्यात अडीच मिलिमीटर म्हणजे ठिपकाच! हेच अंतर ६ मीटर केलं तर प्रतिमा ७.५ मि.मी., म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या निम्मी. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर पहिल्या फोटोत पक्षी सुमारे ६७० पिक्सेल लांब येईल, दुसऱ्यात २००० पिक्सेल. क्षेत्रफळ नऊपट.

१८ मीटरवरूनच तेवढा मोठा फोटो हवा असेल तर ९०० मि.मी.ची लेन्स लागेल. तिची किंमत आपल्या चार वर्षांच्या मेस बिलाच्या पुढे जाते. ६ मीटरवर जायला मात्र पैसे लागत नाहीत. अट एकच: आपण पक्ष्याकडे जायचं नाही, पक्ष्याने आपल्याकडे यायचं.

ते कसं? तर त्याचं वेळापत्रक पाठ करून.

वही, मग कॅमेरा

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पेटीतच ठेवला. गोठ्याच्या खिडकीत म्हशीच्या शेजारी घोंगडी पांघरून बसलो आणि जर्नलच्या कोऱ्या पानावर अंगणाचा नकाशा काढला. दर पाच मिनिटांनी थिरथिरा कुठे आहे तिथे खूण. साडेसात ते साडेनऊ. दोन तासांत चित्र स्पष्ट झालं. त्याच्या बसायच्या जागा फक्त पाच: गंजीचं टोक, हापशाचा दांडा, भिंतीचा कोपरा, शेवग्याची खालची फांदी आणि उकिरड्याशेजारी रोवलेली मेख. ऊन उकिरड्यावर पडलं की तिथे माशा-किडे हलायला लागतात आणि हा मेखेवर येऊन बसतो. खाली झेप, किडा, परत मेख. पाऊण तासात तो मेखेवर नऊ वेळा आला. गोठ्याची खिडकी ते मेख अंतर पावलांनी मोजलं: आठ पावलं. सहा मीटर!

तिसऱ्या दिवशी त्याच घोंगडीत, त्याच खिडकीत, उजाडायच्या आत जाऊन बसलो. सूर्य माझ्या पाठीमागून उकिरड्यावर. मेखेवर आधीच फोकस करून ठेवला. आठ वाजून दहा मिनिटांनी तो आला, शेपूट थरथरवली, माझ्याकडे बघितलं आणि किडा पकडायला लागला. मी त्याच्या लेखी म्हशीइतकाच निरुपद्रवी होतो. चाळीस फोटो काढले. त्यातले अकरा ठेवण्यासारखे. एकदाही तो माझ्यामुळे उडाला नाही.

सेटिंग विचारणाऱ्यांसाठी: शटर १/१००० सेकंद, कारण शेपूट थांबत नाही. अॅपर्चर एफ/५.६. आय.एस.ओ. उजेडाप्रमाणे ४०० ते ८००. ३०० मि.मी., एफ/५.६ आणि ६ मीटरवर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर येते. म्हणून फोकस डोळ्यावरच हवा. शेपूट धूसर झाली तर चालते, डोळा धूसर झाला की फोटो मेला. आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणा. ओट्यावर उभं राहून खाली काढलेल्या फोटोत पक्षी कमी आणि शेण जास्त येतं, हा स्वानुभव.

आणखी कोण कोण येतं?

एकदा बसायची सवय लागली की यादी वाढतच जाते. आमच्या बांधावर बाभळ, बोर, घाणेरी आणि निवडुंगाची दाट पट्टी आहे. हिवाळ्यात तिथून सारखं 'चक् चक्' ऐकू येतं. तो ब्लिथचा वटवट्या. मातकट रंगाचा, झुडपाच्या पोटात राहणारा. दिसतो कमी, बोलतो जास्त. (प्रत्येक वर्गात असा एक असतोच.) बाभळीच्या शेंड्यात शुभ्रकंठी फिरते: राखाडी डोकं, पांढराशुभ्र गळा. विहिरीजवळच्या आंब्यात लाल कंठाचा माशीमार. नराच्या गळ्यावर नारिंगी ठिपका, शेपूट उचलली की कडेचा पांढरा रंग चमकतो. वजन दहाच ग्रॅम, आणि उन्हाळ्यात हे महाशय पूर्व युरोप ते पश्चिम रशियाच्या जंगलांत असतात. पासपोर्टशिवाय!

हौदाच्या कडेने पांढरा धोबी शेपूट आपटत चालतो. मोकळ्या रानात काटक्यांवर गप्पीदास. ज्वारीवर भोरड्यांचे थवे येतात. त्या मध्य आशियाकडून येतात हे कळल्यावरही आमच्या आण्णांची गोफण थांबत नाही, हे प्रांजळपणे सांगतो. पाहुण्यांखेरीज घरचे आहेतच: शिंपी, राखी वटवट्या, चीरक, दयाळ, बुलबुल, शेवग्याच्या फुलांवर शिंजीर, आणि डोळ्याभोवती पांढरं कडं घेऊन टोळीने फिरणारा चष्मेवाला.

आमच्या दख्खनच्या पठारावरच्या पक्ष्यांची पहिली मोठी शास्त्रीय यादी कर्नल साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या माळाला आपण 'काय आहे बघण्यासारखं' म्हणतो, तिथले पक्षी लोक दोनशे वर्षांपासून मोजताहेत. मराठी नावांचं मोठं काम मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षीकोशा'त केलं. सोलापूरला ५ नोव्हेंबर १९३२ रोजी जन्मलेले हे वनाधिकारी-लेखक २०२५ साली गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून २०२० पासून महाराष्ट्रात या आठवड्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. नेमके पाहुणे येऊन स्थिरावलेले असतात तेव्हा.

बांधाचा प्रश्न

आता खरं सांगायचं ते. त्याच सुट्टीत आण्णांनी जे.सी.बी. सांगून ठेवला होता. बांधावरची झुडपं काढायची, बांध मोकळा करायचा. "आणखी दोन काकऱ्या बसतील," त्यांचा हिशोब. चुकीचा नव्हता. दुष्काळी भागात दोन काकऱ्या म्हणजे दोन काकऱ्या. फोटो दाखवून काही उपयोग झाला नाही. "झ्याक आलाय," म्हणाले आणि जे.सी.बी.वाल्याला फोन लावायला गेले.

मग मी वही दाखवली. चार सकाळी त्या पट्टीत दिसलेले पक्षी: एकोणीस जाती. त्यातल्या चौदा जाती किडे-अळ्या खाणाऱ्या. पट्टीला लागूनच आमचा हरभरा होता. घाटे अळीसाठी हरभऱ्यात पक्षीथांबे लावा, हे कृषी खातं सांगतं आणि आण्णांनी ते लावलेही होते. टी-आकाराच्या काठ्या, त्यांवर कोतवाल आणि वेडे राघू बसतात. मी एवढंच विचारलं, "काठ्या तुम्ही रोवता आणि झाड काढता. मग पक्षी रात्री राहायचे कुठे?"

आण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जे.सी.बी. आला. रस्त्याकडची निम्मी पट्टी गेली. विहिरीकडची राहिली. मी ज्या बोरीत शुभ्रकंठी पाहिली होती ती गेलेल्या भागात होती. शंभर टक्के जिंकलो असं म्हणता येत नाही. पण निम्मी राहिली ती वहीमुळे, आणि वही झाली ती थिरथिऱ्यामागे धावायचं थांबवलं म्हणून.

गेल्या ऑक्टोबरात घरून फोन आला. आजी म्हणाली, "तुजा पाव्हना आला बग." तोच का दुसरा, हे पायात नंबरचं कडं असल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पण बसला होता त्याच मेखेवर.

होस्टेलवर हे कसं जमेल?

अगदी आरामात. पुढच्या गोष्टी करून बघा.

१. जागा एकच ठेवा. मेसच्या मागे गळका नळ आहे, तिथे डबकं आणि कडेला घाणेरीचं झुडूप आहे. सकाळी साडेसात ते नऊ. रोज वीस मिनिटं. पहिले दोन दिवस कॅमेरा नाही.

२. कॅमेरा नसेल तर द्विनेत्री पुरे. ८×४२ घ्या. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मि.मी.चा प्रकाशझोत डोळ्यात येतो, सकाळच्या कमी उजेडात तेवढा लागतो. मोबाइल तिच्या भिंगाला टेकवून नोंदीपुरता फोटोही निघतो.

३. पाणी ठेवा. मातीचं पसरट परळ, पाणी दोन-तीन सेंटिमीटरच. रोज घासून, बदलून. घाण पाण्यातून पक्ष्यांत रोग पसरतो. झुडपापासून दीड-दोन मीटर लांब ठेवा, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही आणि पक्ष्याला पळायला आसरा राहील. फरसाण, मिठाचं काही टाकू नका.

४. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि खाणं सोडून तो शोधत बसतो. आवाज ओळखणारी 'मर्लिन'सारखी अॅप जरूर वापरा, पण ऐकण्यासाठी.

५. फेब्रुवारी उजाडला की शिंजीर वगैरेंची घरटी दिसू लागतात. घरट्याचा फोटो काढू नका, पान-फांदी तर मुळीच हलवू नका. अनेक छायाचित्र स्पर्धा असे फोटो घेतच नाहीत.

६. नोंद करा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. भारत त्यात २०१३ पासून आहे, आणि कॉलेजांच्या आवारांसाठी वेगळी कॅम्पस गणनाही असते. पंधरा मिनिटांची यादी 'ई-बर्ड'वर भरली की झालं. आपल्या कॉलेजची यादी अजून नाही. मेसमागचं कुंपण पुढेमागे पार्किंगसाठी साफ करायचं ठरलं, तर आपल्या हातात निदान एक वही असावी असं मला वाटतं.

सरांपैकी कुणाला उत्सुकता असेल तर त्यांचंही स्वागत आहे. चहा आम्ही पाजू. फक्त घोंगडी आपापली आणावी, आणि सकाळी साडेसातला येणाऱ्याने अटेंडन्स मागू नये.

रूम पार्टनरला थिरथिऱ्याचा फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, "एवढासाच? फ्लेमिंगो कुठाय?" आता तो रोज माझ्याआधी उठून नळावर जातो. परवा त्यानेच मला उठवलं. "ऊठ, आलाय तो. आणि हळू चल, त्याची न्याहारी चाललीय."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी